फ्रेम धरायची कुठे?

“सायकल म्हणजे शेवटी काय? मोठा चष्माच! एक फ्रेम, दोन गोल आणि मूठभर स्क्रू!”

असं जाहीर करून चष्मेवाल्यांनी चहाचा कप बशीत इतक्या जोरात ठेवला, की अर्धा चहा बशीत आला. पण माणूस ठाम होता. ठाम माणसाला सांडलेला चहा दिसत नाही. आणि चष्मेवाले किती ठाम होते, हे कळायचं असेल तर आधी त्यांच्या बायकोच्या गुडघ्याची हकीकत सांगायला हवी.

बाई वाचनालयात नोकरीला. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना शिडीवरून घसरल्या आणि गुडघा कामातून गेला. ऑपरेशन झालं, काठी आली, मदतीला आई येऊन राहिली. रोज सकाळ-संध्याकाळ दात आवळून व्यायाम केले, तेव्हा कुठे परवा फिजिओबाईंनी परवानगी दिली. सायकल चालवा म्हणाल्या! स्वतः येऊन त्यांनी सीट वर-खाली केली, बाईंना पुन्हा पुन्हा बसवून पाहिलं, आणि सीटच्या दांड्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढून बजावलं, “उंची हीच. जरा इकडेतिकडे झाली तर गुडघा पुन्हा सुजेल आणि परत काठी हातात येईल.”

रविवारी बाईंच्या मैत्रिणी सायकलींवरून तलावाकाठी जाणार होत्या. आजवर त्यांनी ही सहल दर वेळी पुढे ढकलली होती, का, तर तुझ्याशिवाय जायचंच नाही म्हणून! बाईंनी कपाटातून टोपी काढून ठेवली होती आणि येता-जाता ती डोक्यावर घालून पाहत होत्या. फक्त सायकलच तेवढी आजाऱ्यासारखी कण्हत होती. चेन गंजलेली, गिअर उड्या मारतोय, ब्रेक किंचाळतोय.

“दुकानात टाकून येते,” बाई म्हणाल्या.

“दुकानात? घरात मी असताना? अगं, मी घरीच करतो! फक्त एक स्टँड हवा.”

“मागच्या वेळी उलटी करून केली होती ना?” सासूबाईंनी विचारलं. “सायकल उलटी, तेल गालिच्यावर आणि घंटी सोफ्याखाली. सगळं आठवतंय मला, जावईबापू.”

“म्हणूनच स्टँड, आई! पायावर उभा राहतो, सायकल हवेत धरतो आणि काम झालं की घडी करून दाराआड!”

“म्हणजे निदान एक तरी वस्तू काम झाल्यावर आवरली जाईल,” सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी मग स्टँड निवडायला घेतला, तो पोटच्या पोरीसाठी घर शोधावं तशा चिकाटीने. दोन पायांचा की चार पायांचा? चार पायांचा पक्का, पण बाल्कनीत पसरला तर सासूबाईंनी बसायचं कुठे? हलका घ्यावा तर डुलणार, जड घ्यावा तर उचलायचा कोणी? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न जबड्याचा. सायकल ज्या चिमट्यात धरतात त्याला म्हणे जबडाच म्हणतात. लहान जबडा फक्त सीटचा दांडा धरतो. मोठ्या जबड्यात फ्रेमची जाड नळीसुद्धा बसते, म्हणजे सीटला हातही लावायला नको. लाल रेघ जिथल्या तिथे! चष्मेवाल्यांनी विचार करकरून ठरवलं: चार पायांचा, मोठ्या जबड्याचा. दुसरा फुकट दिला तरी नको! स्टँडवाल्याकडे तशी मागणीही नोंदवून टाकली.

आता इतकं पक्कं ठरवलेला माणूस चुकेल तरी कसा? तेच तर सांगतोय.

स्टँडवाल्याचा फोन आला तेव्हा चष्मेवाले दुकानात एका निवृत्त हेडमास्तरांचे डोळे तपासत होते. मास्तरांच्या नाकावर तपासणीची ती जाडजूड लोखंडी फ्रेम चढवलेली, एका डोळ्यावर काळी चकती, दुसऱ्यावर भलत्याच नंबरची काच. “एक मिनिट हं मास्तर,” म्हणून चष्मेवाल्यांनी फोन कानाला लावला. पलीकडचं बोलणं मास्तरांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. अलीकडचं मात्र शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

“हो, समोरच आहे. बोला!... धरायचं ना? मधोमध धरायचं. गच्च!”

मास्तरांचा हात नकळत नाकाकडे गेला.

“जबडा किती उघडतो?... एवढाच? नाही हो, पूर्ण उघडला पाहिजे! आतून रबर लावलंय ना? नाहीतर साल निघेल!”

मास्तरांनी तोंड मिटून घेतलं.

“आणि मान? मान गोल फिरते?... पूर्ण? म्हणजे पार मागे? वा! मग फिरवायची आणि आवळून टाकायची. पायसुद्धा मुडपतात? झकास! मुडपून दाराआड उभं केलं की कोणाला कळायचंदेखील नाही!”

मास्तर उठले. आयुष्यभर मुलांना “पळू नका” म्हणून सांगितलेला तो माणूस, नाकावर लोखंडी फ्रेम तशीच घेऊन धूम पळत सुटला!

“अहो मास्तर! थांबा! फ्रेम!” फोन कानाला तसाच धरून चष्मेवाले मागे धावले. इकडे स्टँडवाला बिचारा सांगत होता, “साहेब, मोठ्या जबड्याचा यायला वेळ लागेल. लहान जबड्याचा, दोन पायांचा एक गोदामात आहे. तो काढू का?”

मास्तरांना एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने सगळं वाकडं दिसत होतं. ते एका भाजीच्या टोपलीची माफी मागत होते.

“काढा!” चष्मेवाले रस्त्यावरून ओरडले. “तोच काढा! आधी तो काढा!”

“तोच? नक्की ना साहेब?”

“अहो नक्की काय नक्की! ताबडतोब काढा, हात जोडतो!”

मास्तरांनी फ्रेम काढली. स्टँडवाल्यानेही स्टँड काढला.

शुक्रवारी खोकं घरी आलं. उघडल्यावर चष्मेवाल्यांनी आत पाहिलं, मग खोक्यावरचा पत्ता पाहिला, मग परत आत पाहिलं. पाय दोन! जबडा लहान!

“हाच का हो तो?” सासूबाईंनी मान लांब करून विचारलं. “चार पायांचा म्हणत होतात ना?”

परत पाठवला तर रविवार हुकणार. आणि सासूबाईंपुढे चूक कबूल करण्यापेक्षा चार पायांवर चालणं सोपं. चष्मेवाले म्हणाले, “हाच! पुष्कळ विचार करून हाच घेतला. दोन पायांचा म्हणजे कसा सुटसुटीत!”

शनिवारी दुकानाला सुट्टी देऊन त्यांनी बाल्कनीत मांड ठोकली. लहान जबड्यात सीटचाच दांडा धरायचा, म्हणजे सीट वर ओढणं आलं. त्यात काय एवढं! रेघ तर आहेच, काम झालं की सीट परत रेघेवर! त्यांनी बोल्ट सैल केला आणि दांडा वर ओढला. आता आयुष्य ज्याचं काचा पुसण्यात गेलं, तो माणूस कुठलीही वस्तू चिमट्यात धरण्याआधी काय करणार? खिशातून मऊ फडकं काढलं, काचा पुसायच्या बाटलीतून फुस्स-फुस्स केलं आणि दांडा लख्ख पुसला. वर कुठेतरी लालसर डाग होता. बराच चिवट होता. पण डाग राहू दिला तर ते चष्मेवाले कसले!

मग मात्र काम नामी झालं, हे कबूल करायला हवं. चेन चमकायला लागली. गिअर लोण्यासारखा पडायला लागला. ब्रेकने किंचाळणं सोडलं. चष्मेवाले एकेक तार पुसत होते आणि मनात म्हणत होते, हिने इतके महिने सोसलं, निदान उद्याचा दिवस तरी हिचा छान जाऊ दे. खरंच तसं वाटत होतं त्यांना. बोलून दाखवायची सवय नव्हती, एवढंच.

बाई वाचनालयातून आल्या आणि दारातच थबकल्या. “अय्या! ही माझीच ना?” त्यांनी हँडलवरून हात फिरवला. डोळे भरून आले होते. मग हात सीटवर आला आणि सीटवरून खाली दांड्यावर.

“अहो, रेघ कुठाय?”

“कसली रेघ?”

हे तोंडातून निघताक्षणी चष्मेवाल्यांना कसली रेघ ते कळलं. त्यांनी खिशातलं फडकं काढून पाहिलं. रेघ फडक्यावर होती.

फिजिओबाईंना फोन लावला. त्या सुट्टीवर, फोन बंद! बाई मटकन खुर्चीत बसल्या. “राहू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “कळवते मैत्रिणींना. जाऊ दे त्यांना या खेपेला माझ्याशिवाय.”

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “लोकांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुमची तिथे असती तरी बरं झालं असतं. निदान गुडघ्याची आठवण तरी राहिली असती!”

हे वर्मी लागलं. चष्मेवाले ताडकन उठले. “कोणालाही कळवायचं नाही! हरवलेला नंबर शोधणं हा माझा धंदा आहे!”

सायकल स्टँडवरून उतरली. बाईंना भिंतीला धरून सीटवर बसवलं. चष्मेवाल्यांनी सीट किंचित वर केली. “आता सांग, हे बरं?” किंचित खाली. “की हे बरं?”

“पहिलं.”

“छान. आता हे बरं की हे?”

“दुसरं. नाही, पहिलं.”

“आताचं पहिलं की मघाचं पहिलं?”

“अहो, मला सगळं सारखंच वाटायला लागलंय!”

“सगळ्यांचं असंच होतं,” चष्मेवाले समजुतीने म्हणाले. “गिऱ्हाईकही असंच म्हणतं. डोळे मिटून घे.”

“डोळे कशाला? गुडघा सांगणार आहे ना?” सासूबाई म्हणाल्या.

“पण भिंत धरून पेडल नीट मारता येत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“मग स्टँडवर चढवतो सायकल आणि वर तू बस!”

“खबरदार!” सासूबाई मधे उभ्या राहिल्या. “तिचा दुसरा गुडघा शाबूत आहे, तो तसाच राहू दे!”

“आई, तुम्हाला याची ताकद माहीत नाही. बघाच!” म्हणत चष्मेवाल्यांनी सायकल स्टँडला लावली, स्टुलावर चढले आणि स्वतःच सीटवर बसले.

स्टँडने इमानाने काम केलं. जबड्याने दांडा गच्च धरला. जराही सोडला नाही. पण मान गोल फिरणारी होती ना! ती फिरली. पूर्ण फिरली. सायकल उलटी झाली आणि तिला मिठी मारलेले चष्मेवालेही. मग दोन पायांनी विचार केला, की हे काही आपल्या दोघांच्याने व्हायचं नाही, आणि सगळा संसार आडवा झाला, तो नेमका सासूबाईंच्या वाळत घातलेल्या गादीवर.

गादीतून आवाज आला, “हे... हे बरं नाही!”

बाई हसायला लागल्या. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्या इतक्या हसल्या नव्हत्या. हसता हसता म्हणाल्या, “जाणार मी उद्या. काय व्हायचं ते होऊ दे!”

सायकलीला ओरखडासुद्धा नव्हता. अजून थोडं “हे बरं की ते बरं” झालं, बाईंनी एकदाचं “हे!” म्हटलं आणि चष्मेवाल्यांनी त्या उंचीवर बोल्ट आवळला. रविवारी सकाळी बाई टोपी घालून निघाल्या. चष्मेवाले दिवसभर बर्फाची पिशवी तयार ठेवून खिडकीत बसले. रस्त्यावर कोणी लंगडत चाललेलं दिसलं की ते पिशवी घेऊन उठायचे.

संध्याकाळी बाई परतल्या. उन्हाने रापलेल्या, घामेजलेल्या, आणि चेहरा असा फुललेला! जिना चढून आल्या, तेही कठड्याला हात न लावता.

“गुडघा?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“काही नाही! सूज नाही, दुखणं नाही. आणि गिअर काय सुरेख चालतात हो! सगळ्या विचारत होत्या, कोणाकडून करून घेतलीस म्हणून.”

चष्मेवाले सासूबाईंकडे वळले. छाती बटणं तुटेपर्यंत फुगली होती. “बघितलंत आई? नंबर अचूक निघाला! याला म्हणतात तपासणी! अगं, थांब, ती उंची आता कायमची मोजून ठेवतो.”

“कुठली उंची?”

“सीटची. मी शोधून काढलेली!”

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “ती होय? ती आपल्या गल्लीच्या तोंडाशीच सरकन खाली गेली. बोल्ट किती हलका आवळला होतात! दोन बोटांनी, चष्म्याचा आवळल्यासारखा! माझ्या मैत्रिणीने सीट ओढून वर घेतली आणि चांगला पिळून आवळला.”

“पण वर म्हणजे किती वर?”

“ते कोण मोजतंय? म्हणाली, बरं वाटलं की सांग. मला बरं वाटलं, मी सांगितलं.”

चष्मेवाले बर्फाच्या पिशवीकडे बघत राहिले. शेवटी ती त्यांनी स्वतःच्या कमरेला लावली, कारण कालपासून तीच जरा धरली होती.

सासूबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्याची दांडी हलवून पाहिली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “जावईबापू, याचा स्क्रू सैल झालाय हो. इथे जवळपास सायकलचं दुकान कुठे आहे?”