तीन पिकअपची गिटार आणि पुतळाआत्या

“पप्पा, तेजसकाकाच्या हळदीला डीजे थांबवून पंधरा मिनिटं मी गिटार वाजवू?”

हा प्रश्न विचारून दाखव, असं चॅलेंज सुचिताला दहावी ‘ब’च्या मैत्रिणींनी दिलं होतं. बोनकोडे गावात हळदीचा डीजे थांबवायचा म्हणजे बसल्या पंगतीतून मटणाचं पातेलं उचलून न्यायचं! पप्पांचं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

“वाजव,” पप्पा शेवटी म्हणाले. “पन आवाज शेवटच्या खुर्चीवर पुतळाआत्याला ऐकू आला पायजे. नाय आला, तर गिटार माळ्यावर. दहावी संपेपर्यंत! मला गणितात एक्क्याऐंशी होते, ते काय असेच नाय पडले.”

पुतळाआत्या म्हणजे पप्पांची आत्या. कुठल्याही कार्यात ती शेवटच्या रांगेत, पाण्याच्या ड्रमशेजारी बसायची. एकदा तिच्या पायाशी फटाक्यांची माळ फुटली, तर तिने मान वळवून विचारलं होतं, “कोन आयला?”

आणि सुचिताची गिटार! नेरूळच्या क्लासमधल्या सरांनी वापरायला दिलेली, जिप्सी जॅझ नावाच्या परदेशी संगीताची. पोटाला अंड्याएवढं भोक, आवाज झणझणीत, पण बिचारी विजेशिवाय दारापर्यंतही पोचायची नाही. म्हणून सरांनी तिला दोन पिकअप, म्हणजे आवाज पकडून स्पीकरला देणारे कान, लावून दिले. एक चुंबकाचा, तो फक्त तारांचं ऐकतो. दुसरा तारा टेकतात त्या घोडीखाली चिकटवलेला, तो लाकडाचं ऐकतो.

“दोघांना एकत्र कर. मग बघ मजा,” सर म्हणाले.

सुचिताने घरी येऊन एकत्र केलं आणि आवाज चक्क गायब! उरली नुसती डबा वाजवल्यासारखी किणकिण. तिने घाबरून सरांना फोन लावला.

“अगं, एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. एकाच्या वायरी उलट कर.”

तेजसकाका आणि पप्पांनी नवा सोफा जिन्यात अडकवला होता, तो अगदी असाच. सुचिताने वायरी उलट केल्या आणि काय सांगावं! गिटार अशी दणदणली की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला.

इथे थांबायचं ना? पण मैत्रिणी कशाला असतात? “पुतळाआत्या आहे ती,” प्रिया म्हणाली. “दोनात काय होतंय? तिसरा टाक.” तिने आपला रील्ससाठीचा बिनवायरचा कॉलर माईक काढला आणि दोघींनी तो गिटारच्या पोटात टेपने चिकटवला.

हळदीच्या दिवशी चार वाजता साउंडवाल्या शिवतेजकाकांनी तिन्ही चालू केले मात्र, स्पीकरने अशी शिट्टी मारली की मांडवातली कुत्री बाहेर आणि बाहेरची मांडवात.

“पोरी, हा पोटातला माईक स्पीकरजवळ आनू नको. दोनावर भागव,” शिवतेजकाका कान चोळत म्हणाले.

“काका, प्लीज! आत्यापर्यंत नाही पोचलं तर माझी गिटार माळ्यावर जाईल. तिन्ही फुल ठेवा ना!”

काका बिचारे मऊ. तोडगा निघाला. वाजवायची वेळ होईपर्यंत गिटार घरातल्या आतल्या खोलीत ठेवायची, स्पीकरपासून लांब. सुचिताने दोन पिकअपची वायर काढून गिटार आत नेऊन ठेवली. तिसऱ्याला वायर नव्हतीच, त्यामुळे तो तिच्या लक्षातही राहिला नाही.

सहा वाजता डीजे थांबला. दीडशे माणसं स्टेजकडे वळली. सुचिता स्टेजवर चढली. “पप्पा, गिटार आणता?”

पप्पा आत गेले. इकडे शिवतेजकाकांनी कबूल केल्याप्रमाणे तिन्ही बटणं फुल केली. आणि दोन्ही स्पीकरमधून, मांडव हलेल एवढा मोठा, पप्पांचा आवाज आला.

“अगं, टेन्शन नको घेऊ. आत्याला काय ऐकू येतंय? म्हनून तर तिची अट घातली! उद्या गिटार माळ्यावर.”

मग मम्मीचा आवाज. “माळ्यावर जागा हाय कुठं? तुमचा बेंजो हाय ना तिथं, चादरीत गुंडाळलेला.”

“हळू बोल गं! सुचीला कळलं तर? त्या बेंजोपायी दहावीला गणितात अठरा पडले. मी तिला एक्क्याऐंशी सांगितलेत.”

तेवढ्यात पाण्याच्या ड्रमशेजारून शेवटची खुर्ची करकरली आणि पुतळाआत्या काठी टेकून उभी राहिली.

“आठरा नाय रं रूपेशा, सोला! मीच गेलती तुजा रिजल आनाला!”

मग जो हशा पिकला! नवरदेव तेजसकाका हळदीच्या ताटावरच कोसळला. पप्पा गिटार घेऊन बाहेर आले तेव्हा अंगाला हळद न लावताही पिवळे पडले होते.

सुचिताने गिटारच्या पोटात चालूच राहिलेला तिसरा माईक काढला आणि दोन पिकअपवर वाजवलं. लोक आधी बघत राहिले, मग नाचले, मग “परत परत” म्हणून ओरडले. पुतळाआत्या मात्र शेवटी तिच्याजवळ येऊन म्हणाली, “पोरी, तू चालू कवा करतंस?”

पप्पांचे डोळे चमकले. “ऐकलंस? आत्याला ऐकू नाय आलं. अट म्हंजे अट!”

सुचिताने गिटार खांद्याला अडकवली, एक हात कमरेवर ठेवला आणि सगळ्या मांडवासमोर मम्मी-पप्पांना सांगून टाकलं.

“आवाज माझ्याच गिटारमधून आला आणि शेवटच्या खुर्चीवर पोचला. कोणाचा आवाज ते अटीत नव्हतं. त्यामुळे मी ठरवलंय. गिटार खालीच राहणार आणि बेंजो उद्या माळ्यावरून खाली येणार. लग्नात आपण दोघं वाजवायचं. गणिताचं मी बघते पप्पा, सोळाच्या वर नक्की जाईन. आणि बेंजोला पिकअप मात्र एकच लावू, पोटात माईक नको. तुमच्या पोटातलं आता सगळं बाहेर आलंय.”