इनामदारांची हवापालट

कुसाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात भुतं वाचायची पाळी सावळीरामांवर आली.

कुसाबाईंना भुताच्या गोष्टींचं भारी वेड. नाशिकरोडच्या वाचनालयातली सगळी जुनी भुतं त्यांच्या ओळखीची होती. उजवा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे सगळी भिस्त या डाव्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दीड महिना वाचायचं नाही, वाकायचं नाही. दचकणं, खोकणं, खदखदून हसणं, सगळं बंद. टाके नाजूक आहेत."

"वाचतील हे," कुसाबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"अगं, दचकायचं नाही म्हणाले ना ते?"

"मी कुठं दचकते? दचकता तुम्ही."

ते खरंच होतं. पण बायकोच्या डोळ्याचा प्रश्न होता, म्हणून सावळीरामांनी तोड काढली. रोज सकाळी पुस्तक चाळायचं आणि भीतीची पानं टाचणीने टाचून टाकायची. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कागद टाचण्यातच गेली होती, हात चांगला बसलेला होता. मधे खड्डा पडला की पदरचं काहीतरी घालून तो बुजवायचा.

"'पिंपळावरून पांढऱ्या साडीतली बाई उतरली,'" सावळीराम दुपारी वाचत. "आता रोज पांढरी साडी म्हणजे निळीचा खर्च बघ. बरं, धुणार कोण? आपल्याकडे पाणी येतं एक तास."

शेजारच्या झुंबरबाई डाळ निवडायला म्हणून येऊन बसत. "काका, तुमचं भूत लय गरीब हाय हो," त्या म्हणत. कुसाबाई पट्टीखाली गालातल्या गालात हसत. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने आपलं बोलणं इतकं मन लावून ऐकल्याचं सावळीरामांना आठवत नव्हतं. दुपारची ते सकाळपासून वाट बघू लागले.

घोळ झाला तो एका गोष्टीतल्या इनामदारांमुळे. भुताने त्यांचा गळा दाबला, ती चार पानं टाचलेली होती. सावळीराम वाचत पुढे गेले, "'इनामदारांच्या पश्चात बंगल्यावर...'"

"पश्चात?" कुसाबाई ताठ बसल्या. "मेले की काय ते?"

"छे. देवळालीला गेलेत, हवापालटाला. छातीचा त्रास होता ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी दिवाणजी देवळालीला गेले. मग आचारी, मग वकील. आठवडाभरात गोष्टीतलं निम्मं गाव देवळालीत मुक्कामाला होतं.

"एवढ्या माणसांची सोय कशी लागली हो तिथं?" कुसाबाईंनी काळजीने विचारलं.

"सॅनिटोरियम आहे ना."

आणि शुक्रवारी सावळीराम बेसावधपणे वाचून गेले, "'बंद भिंतीतून इनामदार आत आले.'"

"भिंतीतून?"

"देवळालीची हवा," सावळीराम घाम पुसत म्हणाले. "प्रकृती हलकी झाली."

झुंबरबाईंच्या मांडीवरचं सूप उलटलं. कुसाबाई हसल्या, आवरायला गेल्या आणि आणखीच हसल्या. पट्टीखालून पाणी गालावर आलं तशी सावळीरामांची बोबडी वळली. एका पायात आपली आणि दुसऱ्यात झुंबरबाईंची चप्पल घालून ते रिक्षा बोलवायला धावले. पुन्हा तोंड उघडणार नाही, पण डोळा राहू दे, असं ते रस्ताभर काळारामाला विनवत होते.

डॉक्टरांनी डोळा तपासला. "टाके शाबूत आहेत. पण हसल्या कशाला?"

सावळीरामांनी खरं ते सांगितलं. डॉक्टर खाली मान घालून बराच वेळ चिठ्ठी लिहीत राहिले.

दीड महिना सरला, चष्मा आला. सावळीरामांना फार आनंद झाला, आणि दुपार जवळ आली तसं वाईटही वाटलं. आता त्यांची गरज संपली होती. ते चहा घेऊन आले, तेव्हा कुसाबाईंनी पुस्तक उघडून पहिली टाचणी काढलीही होती. टाचण्या काढून ठेवायचं सावळीरामांच्या साफ लक्षातून गेलं होतं.

कुसाबाईंनी चारही पानं वाचली.

"अहो, मारलं की हो इनामदारांना. आणि मी समजत होते, देवळालीला सुखात आहेत."

"तुला त्रास नको म्हणून..." सावळीराम पुटपुटले.

कुसाबाईंनी पानं जुळवली, टाचणी होती तिथे पुन्हा टोचली आणि पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलं.

"राहू द्या त्यांना तिथंच," चष्मा काढून ठेवत त्या म्हणाल्या. "वाचा पुढं."