सासूबाईंनी उसवलेला कोट

मिलानमध्ये कापड बेतणारे शे-दोनशे तरी असतील, पण काळ्या लोकरीच्या ताग्याला कातर लावताना ज्याचा हात हलत नाही असा मी एकटाच! हे मी म्हणत नाही. म्हणजे, मीच म्हणतो. पण एकोणीस वर्षांत ते कुणी खोडून काढलेलं नाही. अपवाद फक्त सासूबाईंचा.

सासूबाईंचं नाव अस्सुंता. दक्षिणेत डोंगरावर कास्तेलमुरो नावाचं गाव आहे, तिथे त्या पन्नास वर्षं कपडे शिवतायत. त्यांच्या हातच्या सुटाशिवाय गावातला एकही नवरदेव चर्चची पायरी चढलेला नाही. मी चढलो, मिलानचा सूट घालून, आणि तिथेच चुकलं. लग्नाच्या जेवणात मिरेल्लाने, म्हणजे माझ्या बायकोने, मोठ्या कौतुकाने सांगितलं की ग्वाल्तिएरो मोठ्या फॅशनवाल्यांकडे कटर आहे. सासूबाईंनी काटा खाली ठेवला.

"शिवतो का?"

शिवत नाही, फक्त बेततो, असं मिरेल्ला म्हणाली.

"मग शिंपी कसला? कातर काय, न्हाव्याच्या हातातही असते."

दीडशे माणसं हसली. त्यानंतर एकोणीस नाताळ झाले आणि प्रत्येक नाताळच्या टेबलावर ते वाक्य माझ्यासाठी गरम करून वाढलं गेलं. म्हणून यंदा फेब्रुवारीत सासूबाई जन्मात पहिल्यांदा मिलान बघायला चार दिवस येणार असं कळलं, तेव्हा मी मिरेल्लाला छातीठोकपणे सांगितलं, "परत जायच्या आत तुझी आई स्वतःच्या तोंडाने मला शिंपी म्हणेल. लिहून ठेव!" तिने काही लिहून ठेवलं नाही.

पहिले दोन दिवस मी त्यांना शहर दाखवलं. मोठ्या चर्चची संगमरवरी नक्षी त्यांनी मान वर करून पाच मिनिटं पाहिली आणि एवढ्या जाळीतली धूळ काढतं कोण, असं विचारलं. आमच्या आसट केशरी भाताकडे बघून घरात कुणी आजारी आहे का, अशी चौकशी केली. चित्रांच्या संग्रहालयात मात्र एका सरदारणीच्या चित्रासमोर त्या वीस मिनिटं उभ्या राहिल्या. मला भरून आलं. म्हटलं, कला शेवटी दगडालाही पाझर फोडते. तेवढ्यात सासूबाई रखवालदाराला म्हणाल्या की बाईच्या काखेत कापड कमी पडलंय, हिला हात वर करता येणार नाही. तो बिचारा अकरा वर्षं त्या दालनात बसतोय. आता त्याला चित्रात काखेशिवाय काही दिसत नाही, असं ऐकतो.

खरी पंचाईत रस्त्यात होती. त्यांच्या पिढीचा शिंपी कपडा उलटा करून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवत नाही. दुकानात टांगलेला कोट उलटा करणं ठीक आहे, पण आमच्या रस्त्यात कोटांच्या आत माणसं असतात! ट्रामच्या थांब्यावर त्यांनी पुढच्या सद्गृहस्थाच्या ओव्हरकोटाची कड मागून उचलली. तो गर्रकन वळला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर सासूबाई त्याला शांतपणे सांगत होत्या की अस्तर शिवलेलं नाही, डिंकाने चिकटवलंय, तुम्हाला फसवलंय. त्याने भर धुक्यात कोट उतरवला, आतून पाहिला आणि ट्राम सोडून तणतणत दुकानाकडे निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मी हुकमाचं पान काढलं. आमचे मालक सिन्योर लांदी यांच्या नव्या कपड्यांचा प्रयोग, म्हणजे फॅशन शो, त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता होता, आणि त्यात सगळ्यात आधी जो कोट येणार होता तो मी बेतला होता. खांद्यावर शिवण नसलेला, एकसंध! त्या काळ्या कोटावर बाहेरून पांढरे कच्चे टाके होते. कपडा अंगावर बसवून बघण्यापुरते घालतात आणि नंतर काढून टाकतात तेच टाके, पण लांदींनी ते मुद्दाम ठेवले होते. कोट पुरा होता होता राहिलेला दिसावा, अशी त्यांची कल्पना होती. त्या टाक्यांवरच सगळा प्रयोग उभा होता.

दुपारी एकच्या ठोक्याला आमचं शिवणघर जेवायला रिकामं होतं आणि दोनपर्यंत तिथे सुई पडली तरी उचलायला कुणी नसतं. त्या वेळात मी सासूबाईंना आत नेलं आणि कोटासमोर उभं केलं. टाक्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, आपण बोलायचं नाही, कोटच बोलेल. माझी अक्कल इथे चरायला गेली होती.

त्यांनी कोट उलटा केला. खांद्यावरून बोट फिरवलं. बाही बघितली. चार मिनिटं झाली आणि एकही टोमणा नाही! मग त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. प्रयोग आजच आहे ना आणि बाकीचे सगळे जेवायला गेलेत ना, एवढं विचारून त्यांनी माझ्या गालावर थोपटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"जावईबापू, खालून कॉफी आणा माझ्यासाठी. घाई करू नका."

मी जिना उतरलो नाही, तरंगत गेलो. खालच्या कॉफीवाल्याला, त्याच्या बायकोला आणि रांगेतल्या एका अनोळखी पोस्टमनला मी सांगितलं की सासूबाईंना बोलायला शब्द सुचत नाहीयेत. या सत्कारात वीस मिनिटं गेली.

वर आलो तेव्हा सासूबाई नाकावर चष्मा ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर कोट होता, पाद्र्याच्या झग्यासारखा काळा कुळकुळीत. एकही पांढरा टाका नाही. सगळा दोरा त्यांनी एका पुठ्ठ्यावर नीट गुंडाळून ठेवला होता.

"अकरा मीटर निघाला," त्या म्हणाल्या. "आता बसा निवांत. तुमच्या इथल्या शिवणाऱ्या बायका टाके काढायचेच विसरल्या होत्या. अख्ख्या शहरासमोर नाक कापलं गेलं असतं तुमचं. मी कुणाला सांगणार नाही."

मी निवांत नव्हे, जमिनीवरच बसलो. कॉफी हातात तशीच. मग जमेल तसं सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे, मुद्दाम ठेवले होते?"

"मुद्दाम."

"आणि असा अर्धवट कोट लोक घेतात?"

"आई, रांग लावून घेतात."

त्यांनी क्रॉसची खूण केली, बहुधा घेणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, मला चूल विझलेली दिसतेय, तुमच्या मुलीचा संसार आहे, टाके परत घाला. भोकं दिसतायत, वीस मिनिटांचं काम आहे. त्यावर त्या ताठ बसल्या. आपली चूक झाली हे त्यांना मान्य होतं, वाटल्यास त्या लांदींचे पाय धरायला तयार होत्या. पण शिवून पुऱ्या झालेल्या कोटावर कच्चे टाके? पन्नास वर्षं त्यांनी ते काढले होते, या वयात त्या घालणार नव्हत्या. मी विनवलं, रडवेला झालो. आमची मुख्य कारागीर इवाना हिला फोन लावला, तर तो तिच्याच खणात वाजला.

दोनला पंचवीस मिनिटं कमी होती. मी स्वतः सुई उचलली.

सुई मी उमेदवारीनंतर धरलेली नव्हती. दोरा ओवायला चार मिनिटं गेली आणि शेवटी सासूबाईंनीच दयेने ओवून दिला. पहिल्या झपाट्यात मी कोटाला माझ्या शर्टाची बाही शिवून टाकली. ती सोडवली. मग एक टाका बोटभर लांब, दुसरा मुंगीएवढा, तिसरा भलत्याच दिशेला. जुनी भोकं कुठे आणि मी कुठे! बोटातून रक्त येत होतं. कोट काळा म्हणून निभावलं. सासूबाई मागे बसून गार कॉफी पीत होत्या. टाक्यागणिक एकदा हळूच "अरेरे" म्हणत होत्या.

शेवटची गाठ मारली आणि दार उघडलं. लांदी आले, मागून इवाना आणि आठ जणी. इवानाने कोट पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. लांदी इतकं हळू बोलतात की ऐकायला सगळ्यांना वाकावं लागतं. ते टाक्यांवरून बोट फिरवत एक फेरी पुढून, एक फेरी मागून फिरले. माझ्या डोळ्यांसमोर घराचे हप्ते आणि मिरेल्लाचा चेहरा आळीपाळीने येत होता.

"हे कुणी केलं?" आम्ही सगळे वाकलो.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. वाटलं, काही झालं तरी आई आहे, आळ स्वतःवर घेईल.

"याने," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "माझ्या जावयाने. मी पन्नास वर्षं शिवतेय, असले टाके दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत."

लांदींनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरले होते. मग ते बोलले आणि पहिल्यांदाच कुणाला वाकावं लागलं नाही.

"तीन आठवडे मी इवानाला हेच सांगतोय! टाके घाबरलेले दिसले पाहिजेत!"

संध्याकाळी टाळ्या थांबत नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून मला बेतण्याच्या टेबलावरून उठवून सुईवर बसवलं. माझ्या कातरीवर आता बोलोन्याचा एक माणूस आहे, आणि त्याचा हात हलतो. मी दिवसभर घाबरलेले टाके घालतो. रोजच्या सवयीने ते अलीकडे जरा सरळ यायला लागलेत, त्यामुळे आता खरोखरच घाबरायला होतं.

चौथ्या दिवशी आम्ही सासूबाईंना गाडीत बसवायला गेलो. खिडकीतून त्यांनी माझा हात हातात घेतला, टोचून टोचून सुजलेलं बोट निरखून पाहिलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शिंपी आहात हो जावईबापू."

माझ्या डोळ्यांना धार लागली. खरंच लागली, लाजायचं काय त्यात! मी मिरेल्लाकडे विजयी नजरेने पाहिलं. गाडी हलली तशी सासूबाईंनी मान बाहेर काढून तिला हाक मारली.

"मिरेल्ला, माझा शेवटचा पोशाख शिवून कपाटात ठेवलाय. वेळ आली की तोच घाला. कुठे उसवला असला तर उसवलेलाच राहू दे, पण याच्या हातात सुई देऊ नकोस!"