लाकडी जमिनीची मोहीम

खात्याच्या वार्षिक अहवालात फोटो फार आणि सत्य थोडके, हे सर्वांस ठाऊक. सबब आम्ही, ज्यांस ना बढतीची आशा ना बदलीचे भय, सभागृहाच्या लाकडी जमिनीवर जी मोहीम जाहली तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. वाचणारांनी मन घट्ट करून वाचावे, कारण यात शूर थोडे आणि शिक्के फार.

मुलूख दूरचा, गावे विरळ, बस दिवसातून दोनदा, तीही मर्जी असेल तर. तेथे लोकसेवा, युवक व मनोरंजन खाते म्हणोन एक दौलत होती. पैकी लोकांस सेवा मिळत नसे, युवकांस आत सोडत नसत, आणि मनोरंजन तेवढे खात्याच्या बैठकांत यथेच्छ चाले. या दौलतीचे धनी संचालकसाहेब, केबिनबहाद्दर, फीतकापू. तीन वर्षांमागे साहेबांच्या मनी आले की पोरेपोरी रिकाम्या हिंडतात, तर त्यांजकरिता खेळाचे सभागृह बांधावे. मग बांधले. छत उंच, दिवे लखलखीत, आणि जमीन अस्सल लाकडी, इतकी गुळगुळीत की साहेबांनी वाकून पाहिले तो स्वतःचेच मुख दिसले, आणि साहेब तेथेच प्रसन्न जाहले. ती प्रसन्नता पोरांस भोवली. त्याच सायंकाळी फर्मान सुटले की ऐसी जमीन खेळून खराब करू नये, आणि दारावर पाटी लागली: 'क्रीडा सभागृह. आत खेळण्यास सक्त मनाई.'

या जमिनीचे किल्लेदार पॉलिशकाका. दर गुरुवारी पॉलिश करीत, स्वतः मोज्यांवर चालत, आणि दारी येणाराचा कागद पाहत. माणूस पाहण्याची चाल त्यांजकडे नव्हती. दर शुक्रवारी दुपारी साठीपुढील मंडळी तेथे पत्ते खेळावयास येत, खुर्च्यांच्या पायांस कापड बांधून. त्यात एक मिशाळ गृहस्थ होते. त्यांच्या फॉर्मवर चुकून 'स्त्री' ऐसी खूण जाहली, तेव्हापासून काका त्यांस "बाई, इकडे बसा" म्हणत, आणि चहा आधी बायकांस मिळतो म्हणोन गृहस्थांनीही दुरुस्ती मागितली नाही.

आता मोहिमेची नायिका. खात्याच्या व्हॅनचा ड्रायव्हर म्हाताऱ्यांची दवाखान्यात आणि पत्ते खेळावयास ने-आण करी, त्याची थोरली. उद्घाटनाचे समयी ती पंधरा वर्षांची, कात्रीचे तबक तिच्याच हाती होते. व्हॉलीबॉलचे तिला वेड. सहा मैत्रिणी जमवून ती व्हॅनच्या शेडमागे खडीवर दोरी बांधून खेळे, आणि सातही जणींची ढोपरे बारमाही सोललेली असत. सभागृह उघडावे म्हणोन तिने तीन वर्षांत अकरा अर्ज केले. अकराही अर्जांस जबाब एकच आला की, अर्ज योग्य त्या टेबलाकडे रवाना केला आहे. ते टेबल आजवर कोणाच्या दृष्टीस पडले नाही. आणि खात्याचा कायदा ऐसा की अठरा पूर्ण जाहले की युवकपण बाद. थोरलीस दोन महिने उरले होते.

"अगं, दे सोडून," बाप म्हणाला. "त्यांच्या दारावर डोकं आपटून टेंगूळ आपल्यालाच येतं."

"बाबा, एकदाच. एकदाच मला त्या जमिनीवर उडी मारायचीय. मग तुम्ही म्हणाल ते करीन."

हे बोलणे व्हॅनमध्ये जाहले, आणि मागील बाकावर टायपिस्टबाई होत्या, उमर चौऱ्याहत्तर, सारी हयात सरकारी टेबलांवर घालविलेल्या, पत्तेमंडळाच्या सरलष्कर. त्या म्हणाल्या, "अर्ज काय करतेस, पोरी? मी चाळीस वर्षं अर्जच टाईप केलेत. कुणी वाचत नाही. साहेबाच्या खुर्चीला धक्का लागला ना, की मग त्याला ऐकू येतं."

मग व्हॅनमध्येच मसलत जाहली, आणि येत्या शुक्रवारी एकोणीस म्हातारे-म्हाताऱ्या काठ्या, थर्मास, पत्त्यांचे चार जोड आणि बामाच्या बाटल्या ऐसा सरंजाम घेऊन सभागृहाकडे न जाता थेट केबिनीवर चालून गेले. साहेब फोनवर होते. बाईंनी मेजावरील फायली उचलून खिडकीत ठेविल्या आणि पत्ते पिसावयास घेतले.

"जमीन फार नाजूक आहे म्हणे, साहेब. आम्ही आपले इथंच खेळतो. तुमचं चालू द्या."

मग जो प्रसंग गुदरला तो वर्णिता येत नाही. बामाच्या वासाने साहेबांच्या डोळ्यांस धारा लागल्या. मिशाळ गृहस्थ कानांनी मंद, ते दर डावास "काय टाकलंस?" म्हणोन गर्जत, आणि ती गर्जना फोनमधून वरिष्ठांपर्यंत पोचे. साहेबांनी हाकलावे तर म्हातारे मतदार आणि तक्रारी लिहिण्यात तरबेज; न हाकलावे तर बसावे कोठे? एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, पाच गेले. सहाव्या शुक्रवारी साहेब आले तो त्यांच्या खुर्चीत एक आजोबा घोरत होते. साहेब पंधरा मिनिटे उभे राहिले, आणि शिकस्त खाऊन त्यांनी फर्मान लिहिले की, येत्या पहिल्या तारखेपासून सभागृह अठरा वर्षांखालील युवकांस खेळण्यास खुले, आणि साठीपुढील ज्येष्ठांस कोणत्याही दिवशी कोणत्याही कारणे आत मुभा, मात्र केबिनीत येऊ नये. फर्मान तात्काळ का लागू केले नाही? तर पॉलिश वाळावयाचे होते.

आणि पॉलिश वाळेतो थोरलीस अठरा पूर्ण जाहली. अठ्ठाविसाव्या तारखेस वाढदिवस, पहिलीस दार उघडले. सहा मैत्रिणी आत गेल्या. सातवीपाशी काकांनी जन्मदाखला वाचला आणि हात आडवा केला.

"तुझं युवक संपलं. अठरा झाली तू."

"काका, चार दिवस झालेत फक्त!"

"चार दिवस असोत नाहीतर चाळीस वर्षं. आता साठीला ये."

आत मैत्रिणी अनवाणी त्या जमिनीवर पाऊल टाकून पाहत होत्या आणि खिदळत होत्या, आणि थोरली चेंडू पोटाशी धरून उंबऱ्याबाहेर उभी. ज्या कर्मदरिद्री खात्याने हा देखावा घडविला त्याच्या तोंडी शेण घालावे तरी शेणाचाच अपमान, हे आमचे मत आम्ही येथे नमूद करितो.

टायपिस्टबाईंनी पिशवीतून ज्येष्ठांचा कोरा फॉर्म काढिला, चष्मा पुसला, आणि भिंतीस टेकवून लिहावयास लागल्या. वयाच्या रकान्यात लिहिले: एकसष्ट.

"काकू, मला कोण एकसष्टची म्हणेल?"

"म्हणायचं कुणीच नाही गं. फक्त वाचायचं."

दोन ज्येष्ठांची साक्ष जाहली, एक बाईंची, एक मिशाळ गृहस्थांची. काकांनी फॉर्म एकवार वाचला, पुन्हा वाचला. मग वर पाहिले: दोन वेण्या, सोललेली ढोपरे, काखेत चेंडू. परंतु नवा कागद आला की जुना बाद हा दप्तराचा कायदा, आणि काका कायद्याचे पक्के. त्यांनी आडवा हात काढिला आणि अदबीने बाजूस जाहले.

"या मावशी. पायऱ्या जपून."

मग मावशी आत गेल्या, आणि धावल्या, आणि जाळीपाशी अशी उडी मारली की चेंडू पलीकडे आदळल्याचा आवाज केबिनीपर्यंत गेला. जमिनीवर पहिला चरा उमटला. काकांनी डोळे मिटून घेतले. थोरली तासभर खेळली, घामाने निथळली, मग त्याच जमिनीवर उताणी पडली आणि हसता हसता रडावयास लागली, आणि मैत्रिणींस कळेना की आता हिला काय जाहले.

येणेप्रमाणे सभागृह फत्ते जाहले. खात्याने अहवालात दर्ज केले की साहेबांच्या दूरदृष्टीने एकसष्टाव्या वर्षीही मुलखात खेळाची गोडी लागली, खाली साहेबांचा फोटो. पंधरावे, सोळावे आणि सतरावे ही तीन वर्षे जिची खडीवर गेली, तिला ती परत देण्याचा फॉर्म मात्र कोणत्याही टेबलावर मिळत नाही. आम्ही विचारून आलो.