आप्पासोंच्या उत्तराची लिंक

आप्पासोंच्या एकसष्टीचा फ्लेक्स अडला होता तो एका लिंकमुळे. कसबा बावड्यातल्या तरुण मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला होता आणि आप्पासोंची अट एकच होती. फ्लेक्सवर फोटोखाली त्यांच्या गाजलेल्या उत्तराची लिंक हवी.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इंटरनेटवरच्या एका मराठी चर्चामंचावर ते लोकांना सल्ले देत. विषयाचं बंधन नव्हतं. प्रश्न पुरता वाचायचीही त्यांना गरज वाटत नसे; मथळा वाचला की उत्तर तयार. त्यातलं ‘नवरा गाडी शिकू देत नाही’ या प्रश्नावरचं उत्तर असं गाजलं, की अमेरिकेतून शाबासकी आली होती.

“लिंक हाय का रेल्वे?” फ्लेक्सवाला गुंडू वैतागला. “चार ओळी खाल्ल्या हिनं. ही घालायची तर फोटो बारका करावा लागंल.”

फोटो बारका करणं शक्यच नव्हतं. फोटोत फेटा होता.

त्यांची सून आदिती कॉम्प्युटरमधली जाणकार. तिने लिंक बघितली. “आप्पा, ह्यात निम्मा कचरा हाय. शेवटी बघा कसलं आकडं चिकटल्यात. छाटून देते.”

छाटलेली लिंक एका ओळीत बसली, पानही तेच उघडलं. “सून कुणाची हाय!” असं आप्पासोंनी गुंडूला दोनदा ऐकवलं.

फ्लेक्स चौकात लागला. आप्पासो मुद्दाम तिकडून गेले, तर माणसं मोबाइल घेऊन उभी, आणि हसत होती.

“वाचलासा न्हवं?” त्यांनी मंडळाच्या अध्यक्षाला, विजयसिंहला विचारलं.

“वाचलं की. पण आप्पा, ह्यो नवरा कोण म्हणायचा?”

“आसंल कुणीतरी बिनडोक. मी लिवलंय की खाली तसं.”

“खाली न्हवं, वर वाचा.”

झालं होतं असं, की आदितीने कचरा म्हणून छाटलेली शेपटी माणसाला थेट आप्पासोंच्या उत्तरापाशी नेऊन सोडायची. ती गेल्यावर पान वरून, प्रश्नापासून उघडू लागलं. तो प्रश्न आप्पासो आज पहिल्यांदाच वाचत होते.

‘माझे यजमान स्वभावाने चांगले आहेत. चहात बिस्कीट बुडालं तरी मला हाक मारतात. सायकलवरून पडले तर रस्त्याला रागावतात. दिवसभर कॉम्प्युटरवर जगाला सल्ले देतात आणि मी काही विचारलं तर बघू म्हणतात. मला गाडी शिकायची आहे. एक गृहिणी.’

त्याखाली उत्तर होतं. ‘ताई, तुमचे यजमान बिनडोक आहेत. त्यांना विचारूच नका. उद्यापासून शिकायला लागा. आपला, आप्पासो, कसबा बावडा.’

आपली बायको एके दिवशी अचानक गाडी काढून एकटी गारगोटीला माहेरी कशी गेली, हे कोडं त्यांना इतकी वर्षं सुटलं नव्हतं. ते भर चौकात सुटलं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “फ्लेक्स काढाय सांगतो. सत्कार न्हाय, काय न्हाय.”

“काढू नगासा,” त्यांची बायको पद्मावती म्हणाली. “तुमचं उत्तर वाचूनच मी क्लास लावला. कुणाचा नवरा आसं सांगतोय?”

“पर बिनडोक म्हटलंय की मला.”

“ते तुमीच म्हटलाय.”

आप्पासो विचारात पडले. मग फेटा बांधून ते सत्काराला गेले आणि माइकवर म्हणाले, “त्यो नवरा मीच. पण उत्तर बी माझंच हाय. आन् त्या ताई पयल्या रांगेत बसल्यात. गगनबावड्याच्या घाटातनं गाडी मारत्यात एकट्या.”

टाळ्या थांबेनात. पद्मावतीने पदर सारखा केला, पण मान ताठ ठेवली. आप्पासोंना तिचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता आणि स्वतःचाही.

घरी परतल्यावर ती म्हणाली, “तिथं माझं आणखी परश्न हायत. समद्यांना उत्तरं दिल्यात तुमी.”

“आदिती,” आप्पासोंनी हाक मारली, “त्या लिंका बी अशाच छाटून दे. आता आधी प्रश्न वाचतो.” मग बायकोकडे वळून विचारलं, “दुसरा काय हुता?”

“‘नवरा ऐकून घेत नाही, काय करावं?’”

“आन् मी काय लिवलं?”

“‘ताई, तुमचं म्हणणं एकदा चारचौघांत वाचून दाखवा.’”

आप्पासोंनी क्षणभर विचार केला.

“बराबर सांगितलंय की,” ते छाती फुगवून म्हणाले.