दोन घरं, एक फणी

पोस्टकार्डाला झाकण नसतं, हा त्यातला सगळ्यात मोठा दोष. भागूबाईला वाचता येत नव्हतं आणि पोस्टमन गहिनीनाथला हळू वाचता येत नव्हतं. त्यामुळे वैशाखातल्या त्या सकाळी, सायकलवरून एक पाय खाली टेकवून, त्याने संगमनेरहून आलेलं कार्ड असं खड्या आवाजात वाचलं की वस्तीवरच्या दोन्ही घरांना आणि विहिरीवरच्या बायकांनाही ते नीट ऐकू गेलं.

"'वन्संना भिमाबाईचा नमस्कार. लग्नाला पंधरा दिवस राहिले. पुष्पीला करवली करावी असं आपलं म्हणणं, त्याला आमची हरकत नाही. मात्र तिच्या डोक्याचं तेवढं बघून आणावं. दिवाळीला आपण येऊन गेल्यावर आमच्या पोरी संक्रांतीपर्यंत खाजवत होत्या. आता नवी सून घरात यायची आहे. नाहीतर माझ्या बहिणीची पोर तयारच आहे. कळावे, लोभ असावा.'"

गहिनीनाथने कार्ड खाली केलं आणि उपकार केल्यासारखं सांगितलं, "डोक्याचं म्हंजी उवांचंच म्हनत्यात त्या."

"कळलं मला!" भागूबाईने कार्ड त्याच्या हातातून ओढून घेतलं.

तेवढ्यात काटेरी कुंपणाच्या पलीकडून आवाज आला. "ऐकलंस का गं चांदे? लोकांच्या उवा पार संगमनेरपत्तुर पोचल्या!"

चांदी ही शेळी. बोलणारी झुंबरबाई, भागूबाईची धाकटी जाऊ. दोघींची बोलाचाली वर्षभर बंद होती. गेल्या उन्हाळ्यात भाऊ वेगळे झाले तेव्हा पंचांनी भांड्याकुंड्यांचे समान वाटे करायचे म्हणून पाटा थोरलीला दिला आणि वरवंटा धाकटीला. सासू साळूबाईचेही दोन वाटे झाले, एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे. सासूचं कसंबसं जमलं, पण वरवंट्यावरून दोघी जावा एकमेकींना जे बोलल्या त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हापासून झुंबरबाई शेळीशी बोलायची आणि भागूबाई म्हशीशी. मुक्या जनावरांना एवढं ऐकावं लागलेली दुसरी वस्ती नेवासे तालुक्यात नसेल.

भागूबाई म्हशीकडे वळली. "आपल्या घरात उवा न्हाईत गं बाई. त्या कुंपन वलांडून येत्यात."

पण मनातून ती हादरली होती. करवली म्हणजे नवरदेवाच्या मागे करा आणि दिवा घेऊन उभी राहणारी बहीण. सगळा मांडव तिच्याकडे बघतो. भावाच्या पोराच्या लग्नात पुष्पीऐवजी भावजयीच्या बहिणीची पोर उभी राहिली, तर माहेरात पुन्हा कुठल्या तोंडाने जायचं? तिने त्याच दुपारी नऊ वर्षांच्या पुष्पीला दोन गुडघ्यांत दाबून धरलं आणि कामाला लागली. पुष्पीचे केस कमरेपर्यंत होते. भागूबाईला त्यांचा अभिमान होता, आणि उवांनाही जागा पसंत पडलेली दिसत होती. दिवेलागणीपर्यंत तिची दोन्ही अंगठ्यांची नखं दुखायला लागली.

"झालं. एकबी ठिवली न्हाई," ती म्हशीला म्हणाली.

चौथ्या दिवशी पुष्पी पुन्हा दोन्ही हातांनी डोकं खाजवत उभी.

"तिकडं लंकीबरं खेळत असशील!" लंकी म्हणजे झुंबरबाईची पोर.

"न्हाई खेळत."

"मग उवा काय उडत आल्या?"

पुष्पीने यावर जरा विचार केला. "आल्या असत्याल," ती म्हणाली.

आता भागूबाईचा धीर सुटला. "न्हाव्याला बोलावून चकोट करते तुझा!" असं ती ओरडली, पण तिचं तिलाच कळलं की बोडक्या डोक्याची करवली कुणी मांडवात उभी केल्याचं ऐकिवात नाही. मग तिला विहिरीवरच्या कुणीतरी सांगितलेला उपाय आठवला. कंदिलातलं उरलंसुरलं रॉकेल तिने वाटीत ओतलं, पुष्पीच्या डोक्यावर चोळलं आणि वरून फडकं घट्ट बांधलं. "दुपारपत्तुर हात लावायचा न्हाई," तिने बजावलं.

पुष्पीने दुपारची वाट पाहिली नाही. पाचव्या मिनिटाला तिने "आय आय गं, भाजतंय!" अशी बोंब ठोकली, फडक्यासकट उडी मारली आणि कुंपणाच्या एका ठरलेल्या भगदाडातून पलीकडे पसार झाली. ते भगदाड भागूबाईने आजवर पाहिलं नव्हतं. कडा मात्र गुळगुळीत झाल्या होत्या, रोजच्या वापराच्या असाव्यात तशा. पोर आपली, भाजतंय म्हणून ओरडतेय, तेव्हा रुसवा कुठे ठेवायचा? भागूबाईही त्याच भगदाडातून निघाली. काट्यांनी पदर धरून ठेवला, तो तिने तसाच फाडला आणि वर्षभरात पहिल्यांदा धाकटीच्या अंगणात जाऊन पडली.

अंगणात लिंबाखाली मंडळी भरलेली होती. झुंबरबाईच्या तान्ह्याला देवी टोचायला आरोग्य केंद्राची नर्सबाई आली होती. ती त्याला घेऊन उभी होती, या महिन्याची सासू बाजेवर होती, आणि पुष्पी आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती. शेजारी लंकी तिच्या डोक्याला डोकं लावून समजूत घालत होती. एकूण बसण्याची पद्धत जुनी दिसत होती.

नर्सबाईने फडकं सोडलं आणि हुंगलं. "रॉकेल? चुलीपाशी गेली असती तर पेटली असती की पोर! डोळ्यांत गेलं असतं म्हणजे? कुणाचं डोकं हे?"

"माझं," भागूबाई चाचरत म्हणाली. "म्हंजी पोरीचं. अक्कल माझी."

पुष्पीचं डोकं रिठ्याच्या पाण्याने तीनदा धुतलं गेलं. पाणी झुंबरबाईने ओतलं. मग नर्सबाईने पुष्पीचे केस बाजूला करून पाहिले, लंकीचे पाहिले आणि म्हणाली, "दोघींच्या डोक्यात सारख्याच आहेत."

"तरी मी म्हनत हुते!" भागूबाई म्हशीकडे वळली, पण म्हैस पलीकडे राहिली होती.

"मीबी तेच म्हनत हुते," झुंबरबाई शेळीला म्हणाली.

नर्सबाईने दोघींकडे दुर्लक्ष करून साळूबाईचा पदर मागे सारला आणि दोन पावलं मागे सरकली. "आजी, तुम्हांला खाजत नाही?"

"आता न्हाई खाजत," साळूबाई शांतपणे म्हणाली. "सव झाली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजी इकडे असो की तिकडे, रोज दुपारी आया रानात गेल्या की दोघी पोरी भगदाडातून जाऊन-येऊन तिच्यापाशी जमायच्या आणि तिच्या दोन्ही अंगाला, डोक्याला डोकं लावून, गोष्टी ऐकत झोपायच्या. घरातली लाकडी फणी वाटणीत कुणालाच गेली नव्हती, कारण ती साळूबाईच्या पिशवीत होती. म्हातारी महिना बदलला की पिशवी उचलायची, आणि त्या घरातल्या पोरींची डोकी त्याच फणीने विंचरायची. पंचांनी सगळ्याचे वाटे केले होते, फक्त उवांचे करायचे राहिले होते.

"उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत," नर्सबाईने समजावलं. "डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. स्वच्छ डोकंसुद्धा त्यांना चालतं, त्यात लाज कसली? पण तुम्ही एक घर साफ करणार आणि दुसरं ठेवणार, तर जन्मभर करत बसाल. दोन्ही घरांतली सगळी डोकी एकाच दिवशी बघायची. तेल लावून बारीक फणीनं बट-बट विंचरायची. फणी उकळत्या पाण्यात. गोधड्या, उशा कडक उन्हात. आणि आठव्या दिवशी परत, कारण लिखा फुटतात."

"आणि केस कापायचं?" पुष्पीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"कशाला कापायचे? इतके छान आहेत." पुष्पी तेवढ्यापुरती रडायची थांबली. नर्सबाई भागूबाईकडे वळली. "बसा, तुमचंही बघू."

भागूबाई बसली आणि व्हायचं तेच झालं.

"भरपूर आहेत. तुमचं कोण बघेल घरी?"

भागूबाईने डोळ्यांपुढे माणसं आणली. नवरा रंगनाथ, त्याला गवतातली शेळी दिसत नसे. पुष्पी तर दोन मिनिटं एका जागी बसत नव्हती. स्वतःचं डोकं स्वतःला दिसत नाही, देवाने ती सोयच ठेवलेली नाही. तिची नजर आपोआप झुंबरबाईच्या हाताकडे गेली. धाकटीची बोटं पातळ आणि चलाख होती. वेगळे होण्याआधी रोज दुपारी तीच बघायची.

मग झुंबरबाईने तान्हं सासूच्या मांडीवर दिलं, तेलाची बुधली आणली आणि भागूबाईच्या मागे पाट टाकून बसली.

"चांदे," ती शेळीला म्हणाली, "त्यांना म्हनावं मान खाली घाला."

भागूबाईने मान खाली घातली. "चांदे, त्यांना म्हनावं जरा हळू वढा."

"चांदे, त्यांना सांग, वर्साचा गुता हाय, हळू वढून निघत न्हाई."

शेळीने दोघींकडे पाहिलं आणि कंटाळून लिंबाचा पाला खायला निघून गेली. आता मधे कुणीच उरलं नाही. फणी दोनदा खालीवर झाली.

"आक्का, तुमचं केस लई गळालं वो," झुंबरबाई एकदम म्हणाली.

"चटनी पाट्यावर दगडानं ठेचून ठेचून," भागूबाई म्हणाली. "तुझी?"

"मी तर फरशीवर वाटते. निम्मी फरशीच खातो आमी." झुंबरबाई हसली, आणि भागूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने फणी ओढल्याच्या नावावर खपवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोन्ही घरांच्या गोधड्या एकाच कुंपणावर पडल्या. आठव्या दिवशी पुन्हा सगळी डोकी रांगेने बसली. संगमनेरला भावजय भिमाबाईने गजरा माळायच्या निमित्ताने पुष्पीचे केस चांगले पाच मिनिटं चाळले. काही सापडलं नाही, तेव्हा करा-दिवा मुकाट्याने तिच्या हातात दिला. भागूबाई मांडवात अशी ताठ बसली होती की लग्न तिचंच आहे असं एखाद्याला वाटावं.

लग्नाहून परतल्यावर पंधरवड्याने, भर दुपारी, भागूबाई भगदाडातून आली. आता ते रुंद केलेलं होतं आणि पाटा-वरवंटा त्याच्या तोंडाशीच, कुणाच्याच हद्दीत नाही असा, मांडलेला होता. ती झुंबरबाईच्या पुढ्यात पाठ करून बसली.

"बघ गं जरा. खाजतंय कायतरी."

सकाळीच तिने पांढऱ्या फडक्यावर तीनदा फणी झाडून पाहिली होती. फडकं कोरं राहिलं होतं. ते तिने बघितलं होतं आणि तिला चांगलं कळलंही होतं.

मागे बोटं केसांतून फिरायला लागली. एक बट झाली, दुसरी झाली, आणि मग बोटं जरा थबकली. आता धाकटी 'काई न्हाई' म्हणणार आणि उठून घरी जावं लागणार.

"हाय का?" तिने हळूच विचारलं.

"हाय, आक्का," झुंबरबाई म्हणाली. "येकच हाय, पन लई चपळ. हालू नगा. येळ लागंल."

"लागू दे की," भागूबाई म्हणाली, आणि तिने मान आणखी खाली घातली.