फुगलेल्या ग्रहामागचे साहेब

तारांगणाच्या मागच्या खोलीत रबराचा ग्रह टांगून झाला, तेव्हा संशोधक बाईंच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. हवा भरलेला ग्रह पुरुषभर उंच होता. त्याच्यामागे तारा म्हणून सणसणीत तापणारा दिवा, आणि ग्रह न् भिंत यांच्यात एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट.

तारांगणाचे संचालक दिवा तपासायला पोट आत ओढून त्या फटीतून पलीकडे पोचले.

"बाई, आज मंडळाच्या अध्यक्षबाईंसमोर काही फसलं, तर नोकरीची मुदतवाढ विसरा."

बाईंनी मान हलवली. हे त्या दरवर्षी ऐकत होत्या.

थोड्या वेळानं आतून हाक आली, "अहो, फट कुठं गेली?"

फट मिटली होती. दिव्यानं आतली हवा तापली आणि ग्रह फुगला. परक्या सूर्यांना खेटून फिरणारे महाकाय ग्रह तापून किती फुगतात, हे मोजण्यात बाईंची उमेदीची वर्षं सरली होती. फट मात्र त्यांनी गार ग्रहाच्या मापानं सोडली होती.

"साहेब, दिवा बंद करा. गार झाला की आकसेल."

"आणि मी अंधारात बसू? छे!"

"मग फुगतच राहणार."

"टोचू का?" ग्रह टांगायला आलेल्या सुतारानं पटाशी उचलली.

"खबरदार!" आतून आवाज आला. "अध्यक्षबाईंना काय चिंध्या दाखवायच्या?"

तेवढ्यात अध्यक्षबाई मंडळींसह आल्याच. "संचालक कुठायत?"

खोटं बोलायलाही ताकद लागते. "ग्रहामागे," बाई म्हणाल्या.

अध्यक्षबाईंना तो प्रयोगाचाच भाग वाटला. त्यांनी थेट ग्रहाला विचारलं, "काय हो, एवढे फुगलात कशानं?"

ग्रहानं घसा खाकरला. "ताऱ्याच्या फार जवळ आलो, बाई. उष्णता आत मुरली. आता आकसता येईना. घामाघूम झालोय!"

हशा आणि टाळ्यांनी खोली भरली.

"वा! हे रोज व्हायला हवं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "साहेब इथंच बसतील. ऑफिस तुम्ही सांभाळा, बाई."

"अहो, पण मी..."

"बघा, किती सहज बोलतायत!"

मंडळी पांगली. बाईंना मुदतवाढ मिळाली होती: दोघांचं काम, एका पगारात.

"दिवा बंद केला हो," आतून हताश आवाज आला. "आकसायला किती वेळ?"

"खऱ्या ग्रहांना कोट्यवधी वर्षं लागतात, साहेब," भिंतीला टेकत बाई म्हणाल्या. "तोवर मी जरा डोळा लावते."